पोरांनी बोलायचं कुठे? 'समाजस्वास्थ्य' ते १४४१६

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

जून २०२० मधली गोष्ट. माझा गावाकडचा एक मित्र धायरीत वन-बीएचकेमध्ये राहतो. नवरा-बायको, आई आणि एक मुलगी. मुलीची तेव्हा दहावी झालेली. आठवत असेल तुम्हाला, त्या वर्षी शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि निकालाचा पत्ता नव्हता. मित्राचा फोन आला, "पोरगी जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही. तू पत्रकार आहेस, तुझ्या ओळखी असतील. बघ काहीतरी." दवाखान्यांचं त्या काळात काय होतं ते वेगळं सांगायला नको. एक मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर पेशंट बघत होत्या, त्यांचा नंबर मिळवून दिला.

पहिल्या कॉलला दिवाणावर ओळीने तिघं बसले: आई, बाबा, आजी. मधे पोरगी. फोन टेकवला डब्याला. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, "कसं वाटतंय?" उत्तर दिलं बापाने. "झोप येते का?" उत्तर दिलं आईने. "कशाची भीती वाटते?" आजी म्हणाली, भीती कसली, मोबाईल कमी केला की सगळं ठीक होईल. दहा मिनिटं हे चाललं. मग डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आता तुम्ही तिघंही बाहेर जा."

बाहेर म्हणजे कुठे? इमारत सील होती. जिन्यात गेलं तर शेजारी विचारणार. गच्चीला कुलूप. शेवटी मुलगी फोन घेऊन खाली पार्किंगमधल्या त्यांच्या जुन्या अल्टोत जाऊन बसली, काचा वर करून. बाप गेटपाशी उभा राहिला. तिथून ती दिसत होती, पण ऐकू येत नव्हतं. पुढचे चार महिने दर शनिवारी हेच चाललं.

ती आता एकवीस वर्षांची आहे. तिला विचारूनच हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

परवा ती भेटली आणि हसत म्हणाली, "काका, ती गाडी नसती तर मी काहीच बोलले नसते." तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात फिरतोय. आपल्याकडे ऑनलाइन समुपदेशन म्हटलं की लोकांना २०२० नंतरचं फॅड वाटतं. पण दूर बसलेल्या, न पाहिलेल्या माणसाला आपलं सांगायचं ही सोय आपल्या मुलखात जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे. साधन बदलत गेलं. अडचण मात्र दरवेळी तीच राहिली: मोकळं बोलायला आडोसा कुठे मिळणार?

सुरुवात र. धों. कर्व्यांपासून करू. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, पुण्यातच शिकलेले, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. ते शेवटपर्यंत एकट्याच्या बळावर आणि तोट्यात चालवलं. कर्वे म्हटलं की आपल्याला संततिनियमन आठवतं. मला मात्र या पोस्टच्या निमित्ताने त्यांचं प्रश्नोत्तरांचं सदर महत्त्वाचं वाटतं. जे वडिलांना विचारता येत नाही, वैद्यांना विचारायची लाज वाटते, ते वाचक पत्राने विचारत. प्रश्न छापून येई, खाली रोखठोक उत्तर. विचारणाऱ्याला कुणाच्या समोर जाऊन बसावं लागत नसे. हस्तमैथुनाने आपण कायमचे दुबळे झालो, लग्नाच्या लायक राहिलो नाही, ही भीती घेऊन त्या काळात किती तरुण कुढत असतील! कर्वे त्यांना सांगायचे की बाबा रे, तुला काहीही झालेलं नाही.

याच सदरातल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. (अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठेंनी २०१७ मध्ये आणलं होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना हा खटला माहीत असेल.) म्हणजे दुरून सल्ला देणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या माणसांपैकी एकाला कोर्टाने दंड केला, गुन्हा काय तर उत्तर दिलं!

कर्वे गेले १४ ऑक्टोबर १९५३ ला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २ नोव्हेंबरला, लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने चर्चमधल्या टेलिफोनवर जगातल्या पहिल्या काही हेल्पलाइनपैकी एक सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' म्हणून वाढली. योगायोग आहे, त्याला उगाच अर्थ चिकटवायला नको. पण व्हारांनी हे का केलं ते ऐकण्यासारखं आहे. १९३५ मध्ये पाद्री झाल्यावर त्यांनी ज्या पहिल्या अंत्यविधीची प्रार्थना म्हटली, तो चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिला पाळी आली होती. तिला वाटलं आपल्याला गुप्तरोग झालाय. विचारायला कुणी नव्हतं. तिने जीव दिला.

कर्व्यांच्या वाचकांपेक्षा ही मुलगी काही वेगळी नव्हती. तिला फक्त पत्र पाठवायला पत्ता नव्हता.

भारतात ही कल्पना १९८६ मध्ये चेन्नईत 'स्नेहा'च्या रूपाने रुजली. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. पुण्यात 'कनेक्टिंग' ही आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन आली २००५ मध्ये. उपदेश करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, या तत्त्वावर स्वयंसेवक चालवतात. मला हे काम सुरुवातीला काहीसं बावळटपणाचं वाटलं होतं. नुसतं ऐकून काय होतं? आपल्याकडे समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच कुठे आहे, आपण तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सांगतो.

त्या काळात घरातला लँडलाइन हॉलमध्ये असायचा, टीव्हीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली. त्यावरून सोळा वर्षांचं पोर काय बोलणार? आमच्या पिढीने मनातलं जे काही फोनवर सांगितलं ते पीसीओच्या काचेच्या खोक्यात उभं राहून, एक रुपयाचं नाणं टाकून. प्रेमप्रकरणं तिथे जमली आणि मोडलीही. आज तो बूथ गेला, प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि उलटंच झालं. फोन खाजगी झाला, खोली मात्र नाही झाली.

आता माझ्याबद्दल. हे लिहायचं टाळत होतो.

रानडे इन्स्टिट्यूटमधून पदविका घेऊन मी सासवडहून येऊन-जाऊन एका दैनिकात क्राइम बीट करायला लागलो. नाव घेत नाही, आणि तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर पेढे भरवणारे गुणवंत आणि आत तिसऱ्या-चौथ्या पानावर एक कॉलम: अमुक भागातल्या विद्यार्थ्याची आत्महत्या. आम्ही त्यात सगळं लिहायचो. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं. आणि एक छापील वाक्य, 'नापास झाल्याच्या नैराश्यातून'. कारण कुठून आणलं? ठाणे अंमलदाराने फोनवर सांगितलं. बास.

एकदा एक गृहस्थ बातमीचं कात्रण घेऊन ऑफिसात आले. ओरडले नाहीत. समोर बसले, पाणी प्यायले आणि खिशातून मार्कलिस्ट काढली. मुलगा सेकंड क्लासमध्ये पास झाला होता. म्हणाले, "साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही घरातले अजून शोधतोय तो का गेला, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी छापून मोकळे झालात." दुसऱ्या दिवशी मी दोन ओळींचा खुलासा टाकला. कुणी वाचला असेल असं वाटत नाही. त्या बातमीत, आणि त्याआधीच्या माझ्या एकाही बातमीत, कुठल्याही हेल्पलाइनचा नंबर नव्हता. सुचलंच नव्हतं.

प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धत लिहू नका, जागा लिहू नका, एकाच कारणावर बोट ठेवू नका, मदतीचे नंबर द्या. मराठी पेपरांत आता काही ठिकाणी शेवटी चौकट दिसते. काही पोर्टलवर अजूनही 'धक्कादायक'ने सुरुवात होते.

आकडे मुद्दाम थोडेच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यात महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. यात शाळेपासून कॉलेजपर्यंतचे सगळे आले. आणि निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. साठ मुलांच्या वर्गात चार. कोविडच्या आधीचा आकडा आहे हा.

आता घरच्यांकडे येतो, कारण धायरीच्या त्या दिवाणावर चौघं बसली होती आणि पेशंट एकच धरली गेली होती.

पुण्याने या बाबतीत एक मोठं काम केलंय. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर शहरात शिरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मुक्तांगणने काय केलं? व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलावलं. त्या बायकांचे 'सहचरी' गट झाले. नवऱ्याची दारू सुटली तरी घरातला संशय, चिडचिड, मुलांवरचा राग तसाच राहतो, त्याचंही काहीतरी करावं लागतं, हे त्यांनी कामातून दाखवून दिलं. पुढे १९९७ मध्ये कॅनडातल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, ती घरातल्याच आजारपणाच्या अनुभवातून. तिथेही सांभाळणाऱ्या नातेवाइकांचे स्वमदत गट हा कामाचा गाभा. भावे-सुकथनकरांचा 'देवराई' (२००४) याच धडपडीतून आला. बघितला नसेल तर बघा, त्यातली बहीण विशेष बघा.

मला वाटतं, ऑनलाइन सेवा आल्या तेव्हा हा वारसा मागे पडला. अ‍ॅपमध्ये एक चौकोन पेशंटचा आणि एक डॉक्टरचा. घर चौकटीबाहेर, पण खोलीत हजर. कानात इअरफोन असले तरी पोराचं अर्धं लक्ष स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाकडे. भांडी थांबली की ते समजतं, आई ऐकतेय.

नियमांचंही थोडं सांगायला हवं. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची पहिली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. त्यात स्पष्ट म्हटलंय की अल्पवयीन पेशंट असेल तर सोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिची ओळख पटवलेली हवी. नियम चुकीचा नाही. औषध द्यायचं तर घरात कुणाला तरी माहीत पाहिजेच. पण सोळाव्या वर्षी ज्याच्यामुळे गुदमरायला होतंय तोच माणूस मांडीला मांडी लावून बसला असेल तर? धायरीतल्या डॉक्टरांनी यातून वाट काढली: ओळख पटवण्यापुरता बाप समोर, मग बाप गेटवर. सगळ्यांना ते सुचतं असं नाही, आणि सगळ्यांकडे अल्टो नसते.

मग पॉक्सो, २०१२. अठराखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हेही हवंच. पण कायद्यात अठराखाली संमतीला अर्थ नसल्याने सतरा वर्षांच्या पोरापोरीचं प्रेमप्रकरणसुद्धा त्यात येऊ शकतं. म्हणून चांगला समुपदेशक आधीच सांगतो, की कोणत्या गोष्टी माझ्यापाशी राहतील आणि कोणत्या मला पुढे सांगाव्याच लागतील. हे ऐकून काही मुलं गप्प होतात. दोष कुणाला द्यायचा मला कळत नाही.

एक भीती मात्र कायद्याने कमी केली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं. आधी घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातही 'चुकून झालं' सांगायचे. या कायद्याच्या घडणीत लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा होता. आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर हे काम झालं आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. त्याच केंद्राने पुढे गोव्याच्या 'संगाथ'च्या साथीने 'आऊटलिव्ह' हा उपक्रम काढला. तरुणांनीच तरुणांशी चॅटवर बोलायचं, मोफत, गुप्तता पाळून. टाइप करायचं असल्याने बाजूच्या खोलीत आवाज जात नाही! पण वयाची अट १८ ते २४. दहावी-बारावीची पोरं बाहेरच.

त्यांच्यासाठी काय आहे? १४४१६. टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली चोवीस तासांची मोफत सेवा. साध्या फोनवरून लागते, नेट लागत नाही, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक, गरज असेल तर पुढे तज्ज्ञ. देशभरातून वीस लाखांहून जास्त कॉल आतापर्यंत झालेत. कॉल केल्यावर मुलं नंबर पुसून टाकतात. पुसू द्या, चौकशी करू नका.

आणि ज्यांना हेही जमत नाही ती चॅटबॉटशी बोलतात. रात्री दोन वाजता. हसू नका, तुमच्या घरातही चालू असेल. तो कंटाळत नाही, 'आमच्या वेळी' म्हणत नाही, बाबांना सांगत नाही. पण तो गेटवर उभा राहणाऱ्या बापाला बोलावूही शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी अशाच एका कंपनीवर खटला भरला. कर्व्यांना उत्तर दिल्याबद्दल कोर्टात उभं केलं होतं. इथे मशीनने काय उत्तरं दिली, हाच वादाचा मुद्दा आहे.

त्याच्या आदल्याच महिन्यात, २५ जुलै २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मी गेल्या काही आठवड्यांत पुण्यात आणि पुरंदर तालुक्यात काही शाळांत जाऊन चौकशी केली. एका ठिकाणी मला समुपदेशकांची खोली अभिमानाने दाखवली. ती मुख्याध्यापकांच्या केबिनमधूनच आत जाते, आणि मधल्या दाराला काच आहे. दुसरीकडे पीटीच्या सरांनाच एक दिवसाचं प्रशिक्षण दिलंय. सर भले आहेत, मुलांचे लाडके आहेत, पण शिट्टीही त्यांच्याच गळ्यात आणि गुपितंही त्यांनाच सांगायची, हे मुलांना कसं जमावं?

यावर पुढची पोस्ट करणार आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे तो बसतो कुठे, एवढं मला इनबॉक्समध्ये कळवा. शाळेचं आणि तुमचं नाव छापणार नाही. पालकांनी स्वतः लिहा, मुलांना लिहायला लावू नका. मुलांपैकी कुणी हे वाचत असेल आणि आत्ता फार जड वाटत असेल, तर मला नको, १४४१६ ला फोन करा. अठराखालच्यांसाठी १०९८ सुद्धा आहे. घरात जागा नसेल तर खाली पार्किंगमध्ये जा.